बालपणीचे हाल आणि अपुरी झोप

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गावर शास्त्राचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावर एक मुलगा मान टाकून झोपी गेलेला दिसला. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. मी त्याला उठविले, चार शब्द सुनावले आणि तास संपेपर्यंत उभे केले. तो उभ्यानेही पेंगतच होता. मुले हसली. त्या हसण्याला माझीही थोडी साथ होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

सोमवारी तो शाळेत आला नाही. त्याला ताप भरला होता. गुरुवारी त्याची आई त्याला घेऊन आली. वडगाव भागात यंत्रमागाच्या कामावर जाणारी ती बाई. शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, “सर, याला रागवा, पण उभं करू नका. हा रात्रीचा झोपतच नाही. याचे वडील पिऊन यायचे. दाराची कडी वाजली की हा उठून बसायचा आणि धाकटीला पोटाशी धरायचा. ते वारले त्याला आता चार वर्षं झाली. शेजारी रात्रभर माग चालतात, त्यानं याला जाग येत नाही. पण कुणाच्याही दाराची कडी वाजली, की अजून उठून बसतो.”

त्याच आठवड्यात त्याच वर्गातला दुसरा एक मुलगा गणपतीच्या मंडपात तीन रात्री जागला होता. तोही शनिवारी बाकावर डुलक्या घेत होता. पण रविवारी दुपारपर्यंत ताणून झोपला आणि सोमवारी टवटवीत होऊन आला. झोप दोघांचीही बुडाली होती. मग एकाने आठवडाभर अंथरूण धरावे आणि दुसऱ्याचे काहीच बिघडू नये, असे का व्हावे?

दोन मुलांवरून सिद्धांत काढता येत नाही, आणि ताप यायला शंभर कारणे असतात. तथापि तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु या विषयावर देशोदेशींच्या संशोधकांनी जे काम केले आहे, ते जमेल तसे वाचले. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे, शिक्षकबंधूंपुढे आणि मुलांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे ठेवीत आहे.

रात्री शरीर काय करते?

झोप म्हणजे शरीराची सुट्टी, असा आपला समज असतो. वस्तुतः ती शरीराची दुसरी पाळी होय. दिवसाच्या पाळीत माल निघतो, रात्रीच्या पाळीत यंत्रांचे तेलपाणी होते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो; हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. वाढीला लागणारे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. दिवसा शिकलेले धडे मेंदू रात्री पक्के करतो. कॉर्टिसॉल नावाचे एक संप्रेरक आहे; ते आपल्याला जागे, सावध आणि कामाला सज्ज ठेवते. त्याचे प्रमाण सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि रात्री झोपेच्या पहिल्या प्रहरात सर्वांत कमी असते. पहारेकऱ्यालाही विसावा हवा, अशी ही निसर्गाची योजना आहे.

ही पाळी बुडाली तर काय होते, याचा एक प्रयोग शिकागो विद्यापीठात झाला. कारीन श्पीगेल, इव्ह व्हान कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. अकरा निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्री प्रत्येकी चारच तास अंथरुणात राहू दिले. एवढ्या थोड्या दिवसांत त्यांच्या रक्तातली साखर उतरण्याची गती बरीच मंदावली, आणि संध्याकाळी जे कॉर्टिसॉल उतरायला हवे ते चढलेले राहिले. पुढे झोप भरून दिल्यावर स्थिती सुधारली.

दुसरा प्रयोग २०१५ सालचा. अ‍ॅरिक प्रॅथर, शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६४ निरोगी प्रौढांच्या मनगटाला यंत्र बांधून आठवडाभर त्यांची झोप मोजली. नंतर त्यांच्या नाकात पडशाच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना निराळे ठेवून पाहिले. जे रात्री सहा तासांहून कमी झोपत होते, त्यांना पडसे होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा चौपटीहून जास्त निघाली. विषाणू सर्वांना सारखाच दिला होता. फरक झोपेचा होता.

धोक्याची घंटा

आता दुसरा धागा घेऊ. अचानक साप दिसला की मेंदूतल्या एका छोट्याशा केंद्रातून धोक्याची सूचना निघते. तो निरोप पियुषिका ग्रंथीपर्यंत आणि तेथून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो. छाती धडधडते, स्नायूंकडे रक्त धावते, कॉर्टिसॉल वाढते. साप निघून गेला की तेच कॉर्टिसॉल मेंदूला सांगते, “पुरे झाले”, आणि घंटा थांबते. म्हणजे या यंत्रणेला वेग आहे तसा ब्रेकही आहे. माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की इजा कोणतीही असो, शरीर तिला एका ठराविक ठशाने उत्तर देते. आणि त्रास लांबला तर अखेरीस ते उत्तरच शरीराला थकविते. पुढे अमेरिकेतील ब्रूस मॅक्युएन यांनी १९९३ पासून या विचाराला नवे रूप दिले. वारंवार सावध राहण्याची किंमत शरीराच्या खात्यावर चढत जाते, असे त्यांचे म्हणणे. ते कर्ज हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू आणि प्रतिकारशक्ती यांना फेडावे लागते.

बालपणाची पाटी

मोठ्या माणसाला हा त्रास झाला तर शरीर थकते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र निराळे घडते, कारण त्याची यंत्रणा अजून बसत असते. घंटा किती हलक्या धक्क्याने वाजावी आणि ब्रेक किती लवकर लागावा, याचे माप त्या वयात ठरते. घरात रोज भांडण, मार, उपासमार किंवा मायेचे माणूस नाहीसे होणे, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलाचे शरीर “जग धोक्याचे आहे, सावध राहा” हा धडा गिरविते. त्या घरात तो धडा चूक नसतो. दाराची कडी वाजताच उठून बसणे ही त्या मुलाची त्या वेळची शहाणीव होती. अडचण एवढीच, की घर शांत झाले तरी पाटीवरची अक्षरे आपोआप पुसली जात नाहीत.

या धड्याचे परिणाम मोजले गेले आहेत. अमेरिकेत सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातील मारहाण, दुर्लक्ष, घरातील व्यसन वगैरे गोष्टींविषयी विचारले. १९९८ साली त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. बालपणातील आपत्तींची संख्या जसजशी वाढे, तसतसे प्रौढपणी हृदयरोग, खिन्नता आणि व्यसने यांचे प्रमाण पायरीपायरीने वाढत गेलेले दिसले. त्याच मंडळींच्या माहितीवरून २०११ साली झोपेचाही अभ्यास झाला. पाच किंवा अधिक आपत्ती सोसलेल्यांत झोप न लागण्याची वा मोडण्याची तक्रार, एकही आपत्ती न सोसलेल्यांपेक्षा सुमारे दुपटीने अधिक होती.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा संशोधक अजूनही करीत आहेत. बालपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाहाची खूण दाखविणारे प्रथिन अधिक आढळले. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. दाह म्हणजे जखम झाल्यावर लाली येते, सूज येते, ती क्रिया. वेळेपुरती ती हितकारक असते. पण जखम नसताना मंद आचेवर धुमसत राहिली, तर मधुमेह आणि हृदयविकार यांना आमंत्रण देते.

पडशाचा प्रयोग करणाऱ्या कोहेन यांनीच २००४ साली आणखी एक गोष्ट दाखविली होती. ३३४ प्रौढांना तसेच थेंब देऊन त्यांनी बालपणीच्या स्थितीची चौकशी केली. आईबापांचे स्वतःचे घर जितकी अधिक वर्षे होते, तितकी पडशाची शक्यता कमी निघाली. त्यातही लहानपणी घर नव्हते आणि वयात येताना झाले, अशांना त्याचा लाभ मिळालेला दिसला नाही. स्वतःचे घर म्हणजे तेथे केवळ भिंती नव्हत. ते घरच्या आर्थिक स्थैर्याचे माप होते.

दोन्ही वाटा जेथे मिळतात

एकीकडे अपुरी झोप आणि दुसरीकडे बालपणीचे हाल; या दोन वाटा शरीरात तीन ठिकाणी एकमेकींना मिळतात.

पहिले ठिकाण धोक्याच्या केंद्राचे. झोप बुडाली की मेंदूतील हे केंद्र अधिक भडक होते आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. बालपणी भय सोसलेल्यांत हे केंद्र आधीच हळवे असते.

दुसरे ठिकाण ब्रेकचे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माता पाहिल्या. काही माता पिलांना खूप चाटीत, काही फारसे चाटीत नसत. चाटलेल्या पिलांच्या मेंदूत कॉर्टिसॉलचा “पुरे झाले” हा निरोप घेणाऱ्या जागा अधिक तयार झाल्या. मोठेपणी ती लवकर शांत होत. दुर्लक्षिलेल्या पिलांत हा निरोप घेणारेच कमी होते. २००४ साली त्यांनी दाखविले, की हा फरक जनुकांच्या अक्षरांत नसून त्यांवर बसलेल्या रासायनिक खुणांत असतो. एका मातेची पिले दुसरीच्या कुशीत दिली, तर ती वाढविणाऱ्या मातेच्या वळणावर गेली. अशा कमी ब्रेकच्या शरीरात एका वाईट रात्रीने चढलेली घंटा उशिरा उतरणार, हे उघड आहे.

तिसरे ठिकाण दाहाचे. लॉस एंजेलिस येथे मायकेल अर्विन यांनी २००६ साली दाखविले, की निरोगी माणसाची एकाच रात्री अर्धी झोप मोडली, तरी सकाळी त्याच्या रक्तपेशी दाह वाढविणारी द्रव्ये अधिक तयार करू लागतात. तिकडे ग्रेगरी मिलर यांनी २००९ साली कॅनडातील १०३ निरोगी प्रौढांच्या पेशी तपासल्या. ज्यांचे बालपण हलाखीत गेले होते, त्यांच्या पेशी कॉर्टिसॉलचा आवर घालणारा निरोप कमी ऐकत होत्या; सध्या ते सुस्थितीत असले तरीही. चूल आधीच धुमसत असेल, तर तीच फुंकर अधिक भडका उडविते.

म्हणून एकच वाईट रात्र दोन शरीरांना सारख्या भावाने पडत नाही. एकाला ती रोखीचा खर्च असते. दुसऱ्याला जुन्या कर्जावरचे व्याज.

येथे एक शंका कोणी काढील. रमजानच्या महिन्यात आमच्या घरांतली लहान मुलेही हट्टाने सहेरीला उठतात. मग त्यांचे काय? मला माझे बालपण आठवते. पहाटेच्या काळोखात अम्मी कपाळावर हात ठेवून उठवीत असे. चुलीवर चहा उकळत असे, अब्बा पाटावर बसलेले असत. फजरची नमाज झाली की आम्ही भावंडे पुन्हा गोधडीत शिरत असू, आणि दुपारी आणखी डोळा लागे. झोप तुटत होती, पण तुटण्यात भय नव्हते आणि तिची भरपाई होत होती. मंडपात जागलेल्या मुलाचेही तसेच. शरीर झोपेचे तास मोजते, तसे कोणाच्या पहाऱ्यात झोपलो हेही मोजत असावे, असे मला वाटते.

हे कपाळी लिहिलेले नव्हे

एवढे वाचून कोणी निराश होऊ नये. वर दिलेले निष्कर्ष सरासरीचे आहेत. एका मुलाचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही. हालअपेष्टांत वाढून निकोप राहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांच्या हकिगती ऐकल्या तर बहुधा एक गोष्ट समान निघते: कोणी तरी एक माणूस, आजी, मामा, शेजारीण किंवा शिक्षक, त्यांच्या पाठीशी उभा होता.

याचा मोठा पुरावा रुमानियातून आला. १९६६ साली तेथील राजवटीने गर्भपातावर बंदी घातली. दारिद्र्यात मुले वाढली आणि हजारो मुले सरकारी अनाथालयांत टाकली गेली. तेथे अन्न होते, पण एकेका बाईकडे इतकी मुले की कडेवर घ्यायला कोणी नव्हते. १९८९ साली राजवट कोसळल्यावर जगाला हे कळले. २००० साली बुखारेस्ट येथे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी १३६ मुलांचा अभ्यास आरंभिला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्मी मुले निवडलेल्या पालककुटुंबांत ठेवण्यात आली. बारा वर्षांची झाल्यावर त्यांना थोडा ताण देऊन तपासले. अनाथालयात राहिलेल्या मुलांची घंटा जणू गंजली होती. जेथे कॉर्टिसॉल चढायला हवे तेथेही ते नीट चढेना. घंटा सदा वाजत राहणे आणि ती मुळीच न वाजणे, ही एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत. परंतु जी मुले दोन वर्षांची होण्यापूर्वी कुटुंबात गेली, त्यांचे शरीर इतर सामान्य मुलांसारखेच उत्तर देत होते. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. माया लवकर मिळाली तर पाटी पुन्हा लिहिता येते. उशिरा मिळालेली मायाही वाया जात नाही. मात्र वेळ अधिक लागतो.

आपण काय करावे?

अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली जे माप सांगितले, ते असे: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. आपल्या गावातल्या किती मुलांना ती मिळते, याचा ज्याने त्याने विचार करावा. माझ्या अल्प अनुभवावरून काही सूचना करतो.

पहिली, झोपेची वेळ ठरलेली असावी. ज्या मुलाचे बाकी काहीच ठरलेले नसते, त्याला एवढी एक गोष्ट ठरलेली मिळाली तरी आधार वाटतो. निजण्याच्या तासभर आधी मोबाईल बाजूला ठेवावा. घरातील मोठ्यांनीही तो ठेवला तरच मुले ठेवतात.

दुसरी, मुलाला दचकवून उठवू नये. पाणी मारणे, पांघरूण ओढणे, ओरडणे हे गमतीने केले तरी ज्या मुलाने भय पाहिले आहे त्याला ती गंमत नसते. नाव घेऊन, खांद्यावर हात ठेवून उठवावे.

तिसरी, नवरा-बायकोचे भांडण मुलाच्या उशाशी आणू नये. मूल झोपलेले दिसते. त्याचे कान झोपलेले नसतात.

चौथी, वसतिगृहे चालविणाऱ्यांस. नवीन आलेल्या मुलाची खाट दाराजवळ टाकू नये. रात्री एखादा मंद दिवा आणि हाकेच्या अंतरावर ओळखीचे माणूस असावे. मच्छरदाणी, स्वच्छ पांघरूण आणि दहानंतरची शांतता यांवर केलेला खर्च वह्यापुस्तकांच्या खर्चाइतकाच शिक्षणावरचा खर्च समजावा.

पाचवी, माझ्या व्यवसायबंधूंस आणि प्रथम मला स्वतःला. वर्गात झोपणारे मूल आळशी आहे असे मानण्यापूर्वी, “काल रात्री किती वाजता झोपलास?” एवढे विचारावे, आणि ते वर्गासमोर न विचारता एकट्याला विचारावे. झोप न लागणे, रात्री दचकून उठणे हे महिनोन् महिने चालले असेल, तर पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवावे. भूतबाधा म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ दवडू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. त्याच्या आईशी बोलल्यावर आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. त्याचे अंथरूण दारापासून काढून आतल्या भिंतीशी, आजीशेजारी घातले. आणि घराची कडी काढून तेथे आवाज न करणारी खिट्टी बसविली. शाळेच्या शिपायांनीच ती बसवून दिली. शेजारच्या दारांच्या कड्या अर्थात् तशाच आहेत. वर्गात मी त्याला मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या खोलीत वीस मिनिटे डोके टेकायची मुभा दिली.

चमत्कार झाला नाही. पहिल्या सहामाहीत त्याने आणखी दोनदा तापाने शाळा बुडविली. या वर्षी तो दहावीत आहे. मागच्या महिन्यात त्याची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, “सर, परवा शेजारची कडी वाजली. हा जागा झाला, पण उठून बसला नाही. कूस बदलून झोपला.”

मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. घरी आल्यावर मात्र त्या दिवशीच्या शास्त्राच्या तासाची आठवण झाली. त्या तासाला मी श्वसनेंद्रिये शिकवीत होतो. समोर झोपलेल्या मुलाचा श्वास मला ऐकू आला नव्हता.